संगणकावर चालणारी गाडी: नव्या मालकाने सुरक्षेची सुरुवात कुठून करावी

सेकंडहँड गाडी घेतल्यावर तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा तिच्या स्क्रीनवरचा नकाशा उघडला आणि 'घर' या बटणावर बोट ठेवलं. समोर आला तो आधीच्या मालकांच्या घरचा रस्ता. फोनबुकमध्ये त्यांच्या आईचा, डॉक्टरांचा, मुलीच्या शाळेचा नंबर तसाच होता. मी त्यांना फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्यांनीही आपल्या मोबाइलमधलं गाडीचं ॲप उघडून पाहिलं. माझी गाडी कुठे उभी आहे हे त्यांना अजून दिसत होतं. दारं उघडायचं बटणसुद्धा चालू होतं. ते भले गृहस्थ होते, त्यांनी लगेच गाडी ॲपमधून काढून टाकली. पण तीन आठवडे माझ्या गाडीची एक न दिसणारी किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

गाडी हॅक होते म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते धावत्या गाडीचं स्टेअरिंग कुणीतरी दूर बसून फिरवतंय असं दृश्य. तसे प्रयोग झालेले आहेत, ते पुढे येतीलच. रोजच्या वापरात मात्र गाडीमालकाला फटका बसतो तो मुख्यतः तीन वाटांनी: किल्लीचा सिग्नल, ॲपचं खातं आणि आपणच गाडीत खोचून ठेवलेलं एखादं उपकरण. या तिन्ही वाटांवर पहारा ठेवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. संगणकाचं शिक्षण लागत नाही. एक मोकळी संध्याकाळ, गाडीचं मॅन्युअल आणि मोबाइल एवढं पुरे.

आधी गाडीच्या पोटात काय आहे ते पाहू

हा भाग गाळून थेट पायऱ्यांकडे जायचा मोह होईल. जाऊ नका. हा समजला की पुढची प्रत्येक सूचना पाठ न करता लक्षात राहते.

आजच्या गाडीत ईसीयू नावाचे डझनावारी छोटे संगणक असतात. महागड्या गाड्यांत ते शंभराच्या घरात जातात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, दारांच्या काचांचा वेगळा. पूर्वी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर ओढावी लागे. वायरींचं ते ओझं कमी करण्यासाठी जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये 'कॅन' नावाची पद्धत जगासमोर ठेवली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा आणि त्यांवर सगळे ईसीयू जोडलेले. एकाने संदेश टाकला की तो सगळ्यांना ऐकू जातो.

दवंडी पिटावी तसं हे काम चालतं. 'चाकाचा वेग इतका आहे' अशी दवंडी झाली की ज्याला हवी तो ती उचलतो, बाकीचे सोडून देतात. अडचण अशी, की दवंडी कोणी पिटली हे कोणी विचारत नाही. कॅनच्या मूळ संदेशात विषयाचा क्रमांक असतो आणि जास्तीत जास्त आठ बाइट माहिती असते. पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी सही त्यात नसते. दोघं एकदम बोलू लागले तर ज्याचा क्रमांक लहान, त्याला आधी वाट मिळते. १९८६ मध्ये यात वावगं काहीच नव्हतं, कारण त्या तारांपर्यंत पोहोचायचं तर बॉनेट उघडायला हवं होतं. पुढे त्याच जाळ्याला ब्लूटूथ जोडलं, सिमकार्ड जोडलं, वायफाय जोडलं. आतला विश्वास मात्र जुनाच राहिला.

हे किती खोल जातं ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आणि सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. जाळ्यात शिरकाव मिळाल्यावर त्यांनी गाडीचे ब्रेक लावले, ब्रेक निकामी केले, इंजिन बंद केलं. त्यावर आक्षेप आला, की हे तर गाडीत बसून केलं. मग २०११ मध्ये त्याच चमूने बाहेरून आत जायच्या वाटा शोधल्या: ब्लूटूथ, गाडीतलं मोबाइल कनेक्शन, इतकंच काय, सीडीवरच्या गाण्याची खास बनवलेली एक फाइल. गाणं लावा, ऐकायला काहीच वेगळं वाटणार नाही, आणि म्युझिक सिस्टिम ताब्यातून गेलेली असेल.

२०१५ सालची जीप चेरोकीची घटना तर या विषयातली सर्वांत गाजलेली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी अमेरिकेत महामार्गावर धावणाऱ्या जीपचा एसी, रेडिओ आणि वायपर घरात बसून चालवले आणि शेवटी गाडीची ताकद चाकांपर्यंत पोहोचणंच बंद केलं. चालकाला प्रयोगाची कल्पना होती, तरी ट्रक मागून येताना गाडी मंदावत गेली तेव्हा त्याची घाबरगुंडी उडाली. ते आत शिरले होते मनोरंजनाच्या स्क्रीनमधून. स्क्रीनचं मोबाइल कनेक्शन उघडं राहिलं होतं. तिथून त्यांनी कॅनशी बोलणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर बदललं आणि मग आतून दवंडी पिटली. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आजच्या चांगल्या गाड्यांत मध्ये 'गेटवे' नावाचा पहारेकरी असतो. तो स्क्रीनकडचे संदेश ब्रेकच्या जाळ्यात सहजासहजी जाऊ देत नाही. महत्त्वाच्या संदेशांना सहीदेखील जोडली जाऊ लागली आहे. तुमच्या गाडीत यातलं काय आणि कितपत आहे, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून मालकाने आपल्या हातातली दारं सांभाळायची.

पहिली पायरी: दारांची यादी करा

वही घ्या आणि गाडीत बसा. बाहेरच्या जगाशी बोलणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढा. किल्ल्या किती आणि कोणत्या प्रकारच्या: नुसतं बटण दाबायचं रिमोट, की खिशात ठेवूनच दार उघडणारी कीलेस किल्ली? गाडीला स्वतःचं सिमकार्ड आहे का? मोबाइल ॲप आहे का, आणि ते कोणाच्या नावाने उघडलंय? वायफाय हॉटस्पॉट? ब्लूटूथच्या यादीत किती फोन आहेत? यूएसबीची तोंडं किती? स्टेअरिंगखाली, गुडघ्यांच्या वर चाचपून पाहा. तिथे १६ पिनांचं एक सॉकेट सापडेल. ते ओबीडी पोर्ट. त्यात काही खोचलेलं आहे का? शेवटी, शोरूमने, कर्ज देणाऱ्याने किंवा विमा कंपनीने बसवलेला जीपीएसचा एखादा डबा आहे का, हे कागदपत्रांत शोधा.

चाकांतले हवेचा दाब सांगणारे सेन्सरही रेडिओवर बोलतात आणि प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. तो क्रमांक सुमारे ४० मीटरवरून वाचता येतो, असं २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं. यावर मालकाला करण्यासारखं काही नाही, म्हणून ते यादीत लिहा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: ॲपचं खातं बंदिस्त करा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. ज्या गाडीला ॲपवरून दार उघडता येतं, त्या गाडीचं खातं म्हणजे किल्लीच. फरक इतकाच, की ही किल्ली जगात कुठूनही फिरवता येते.

एक जुनी घटना सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात शंभराहून अधिक लोकांच्या गाड्या अचानक सुरू होईनात. काहींचे हॉर्न अवेळी वाजत सुटले. विक्रेत्याने हप्ते थकवणाऱ्यांसाठी गाड्यांत दूरवरून बंद करायचा डबा बसवला होता. कामावरून काढलेल्या एका तरुणाने दुसऱ्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड वापरून तो डबा चालवला. कॅनचं ज्ञान लागलं नाही की रेडिओची यंत्रं लागली नाहीत. एक पासवर्ड पुरला.

तेव्हा हे करा:

१. खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला आणि लांब ठेवा. ईमेलचा पासवर्डही तितकाच पक्का हवा, कारण 'पासवर्ड विसरलो'ची लिंक तिथेच येते.

२. दोन टप्प्यांची पडताळणी मिळत असेल तर आजच चालू करा.

३. खात्यात जोडलेल्या माणसांची आणि फोनची यादी उघडा. ओळखीचं नसेल ते काढा. हरवलेला जुना फोन त्यात असेल तर तो आधी काढा.

४. गाडी चालवण्याआधी पिन मागण्याची सोय असेल तर ती लावा. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, तरी पिनशिवाय गाडी जागची हलत नाही.

५. ॲपच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद, प्रवासाचा इतिहास, 'सेवा सुधारण्यासाठी माहिती पाठवा' असे पर्याय असतात. उपयोगाचे नसतील ते बंद करा.

पाचव्या सूचनेमागचं कारण सांगायला हवं, कारण इथे मालकाने कितीही काळजी घेतली तरी कंपनीची चूक त्याला भोवते. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत बाहेर आलं. त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्यांच्या जागा अचूक कळत होत्या. टोयोटाने २०२३ मध्ये जपानमधल्या सुमारे २१ लाख ५० हजार ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळजवळ दहा वर्षं उघडी असल्याचं कबूल केलं. २०२४ मध्ये संशोधकांना किआच्या विक्रेत्यांसाठीच्या संकेतस्थळात अशी फट सापडली, की नुसत्या नंबरप्लेटवरून गाडी शोधता, उघडता आणि सुरू करता येत होती. कंपनीने ती बुजवली. जानेवारी २०२५ मध्ये सुबारूच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या पानातून गाड्यांच्या वर्षभराच्या ठावठिकाण्यांची नोंद दिसत असल्याचं समोर आलं. तीही फट बुजवली गेली. जी नोंद मुळात झालीच नाही, ती फुटू शकत नाही. म्हणून तो पर्याय बंद करा म्हणतो.

आणखी एक गोष्ट, जी अवघड असली तरी बोलायला हवी. गाडीचं ॲप पाळत ठेवायलाही वापरलं जातं, आणि पाळत ठेवणारा अनेकदा घरातलाच असतो. नातं तुटल्यावर घराचं कुलूप बदललं जातं. गाडीच्या खात्याची आठवण कोणाला येत नाही. तुम्ही अशा परिस्थितीत असाल तर मुख्य खातं कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. मात्र समोरचा माणूस हिंसक असेल, तर त्याचा प्रवेश काढल्याचा संदेश त्याला जाऊ शकतो हे ध्यानात ठेवा. आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोला आणि मगच यादीला हात लावा. तोवर गाडी घेऊन जायची जागा कोणाला कळता कामा नये अशी असेल, तर तिथे गाडीने जाऊ नका.

तिसरी पायरी: किल्ली

कीलेस किल्ली कशी चालते? दाराच्या हँडलला हात लागला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीचा एक हलका सिग्नल सोडते. तो एक-दोन मीटरच जातो. किल्लीने तो ऐकला की ती रेडिओवर सांकेतिक उत्तर देते. गाडी धरून चालते की उत्तर आलं म्हणजे किल्ली जवळच आहे.

चोर नेमका हाच समज वापरतात. एकजण गाडीजवळ, दुसरा तुमच्या घराच्या दारापाशी. दोघांच्या हातात सिग्नल पुढे ढकलणारी यंत्रं. गाडीची हाक घरातल्या किल्लीपर्यंत पोहोचते, किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते, दार उघडतं आणि गाडी सुरू होते. सांकेतिक लिपी फोडावीच लागत नाही, म्हणून ती कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हा प्रयोग केला, दहाही फसली.

खरा तोडगा अंतर मोजण्याचा आहे. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. उत्तर यायला लागलेला वेळ बारकाईने मोजला तर किल्ली दारापाशी आहे की वीस मीटरवर, हे कळतं. अल्ट्रा वाइडबँड नावाच्या तंत्राने नव्या किल्ल्या हेच करतात. नवी गाडी घेताना 'किल्लीत अल्ट्रा वाइडबँड आहे का' हा प्रश्न जरूर विचारा. आणि 'आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. गाडी उघडताना आणि सुरू करताना अंतर त्यानेच मोजलं जातं का, हेही विचारा. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. किल्ली काही वेळ निश्चल पडली की झोपते आणि उत्तरच देत नाही. हाही चांगला उपाय आहे.

तुमची किल्ली जुन्या धाटणीची असेल तर:

सिग्नल अडवणारी पाकिटं किंवा डब्या मिळतात, त्या वापरा. विकत घेतल्यावर पारखून घ्या: किल्ली पाकिटात घाला, पाकीट हातात धरून गाडीच्या अगदी दाराशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट निरुपयोगी. आतलं धातूचं अस्तर घड्यांवर फाटत जातं, म्हणून ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. दुसरी किल्लीही पाकिटात हवी. बहुतेक घरांत पहिली जपली जाते आणि दुसरी दाराजवळच्या खुंटीला लटकत असते.

बऱ्याच गाड्यांत कीलेसची सोय पूर्ण बंद करता येते. मॅन्युअलमध्ये शोधा. बटण दाबून दार उघडायचा त्रास फार नाही, आणि या एका बदलाने सिग्नल ढकलण्याची युक्ती निकालात निघते.

स्टेअरिंगला बाहेरून लावायचं जाडजूड लोखंडी कुलूप लावा. हा सल्ला जुनाट वाटेल, पण मी तो मनापासून देतोय. कारण किल्लीचा बंदोबस्त केला तरी एक वाट उरते. २०२२ मध्ये लंडनमध्ये वाहन-सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाचीच टोयोटा रॅव्ह४ चोरीला गेली. आधी दोनदा कोणीतरी पुढचा बंपर आणि हेडलाइटची वायर उचकटून ठेवली होती. त्याला वाटलं, टवाळखोरांचं काम असेल. प्रत्यक्षात चोर हेडलाइटमागच्या कॅनच्या तारांपर्यंत पोहोचत होते. ब्लूटूथ स्पीकरसारख्या दिसणाऱ्या डब्यातून त्यांनी जाळ्यात दवंडी पिटली: 'किल्ली खरी आहे, दार उघडा.' आतल्या संगणकांनी विश्वास ठेवला. लोखंडी कुलपाला मात्र असा कोणताही संदेश समजत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीचा बंपर, हेडलाइट किंवा चाकावरचं प्लॅस्टिक कारण नसताना सैल झालेलं दिसलं, तर ते दुरुस्त करून विसरून जाऊ नका. गाडी त्या रात्रीपासून दुसरीकडे लावा आणि पोलिसांना कळवा.

साध्या रिमोटबद्दल एकच सांगायचं आहे. बटण दाबून पाठ फिरवू नका. जवळ कोणी सिग्नल अडवणारं यंत्र लावलं असेल तर 'बंद' हा संदेश गाडीपर्यंत पोहोचतच नाही. दिवे लुकलुकले का पाहा आणि हँडल एकदा ओढून बघा.

चौथी पायरी: अपडेट

मोबाइलचं अपडेट आपण रात्री चार्जिंगला लावून करतो. गाडीचं मात्र 'नंतर' दाबून महिनोन्‌महिने लांबवतो. का, ते मला समजू शकतं: अपडेट चालू असताना गाडी वापरता येत नाही आणि मध्येच बंद पडली तर, ही धास्ती असते. पण फटी बुजतात त्या अपडेटनेच. २०१६ मध्ये चीनमधल्या टेन्सेंट कंपनीच्या कीन लॅबने टेस्लाचा ब्रेक दुरून लावून दाखवला. टेस्लाने दहा दिवसांत हवेतूनच, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाडीत, दुरुस्ती पाठवली आणि सही नसलेलं सॉफ्टवेअर आत जाणार नाही अशी तरतूद केली. २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सुमारे २२ लाख गाड्यांची दारं दुरून उघडता येतील अशी फट निघाली होती, कारण गाडी आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं पुरेसं गुप्त नव्हतं. तीही वर्कशॉपला न नेता बुजली.

अपडेट करण्याआधी बॅटरी पुरेशी भरलेली हवी, गाडी सुरक्षित जागी उभी हवी आणि पुढचा तासभर तिची गरज नसावी. तुमच्या गाडीला हवेतून अपडेट येत नसेल तर दर सर्व्हिसिंगला 'कोणत्या ईसीयूचं सॉफ्टवेअर नवं आलंय का' असं स्पष्ट विचारा आणि काय घातलं ते जॉब कार्डवर लिहून घ्या. गाडीचा १७ अक्षरांचा चासिस क्रमांक टाकून ती परत बोलावलेल्या गाड्यांत आहे का हे पाहायची सोय अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर असते. तिथे वर्षातून दोनदा डोकवा.

पोस्टाने आलेला पेनड्राइव्ह मात्र गाडीत घालू नका. जीपच्या दुरुस्तीसाठी कंपनीने मालकांना खरोखरच पोस्टाने यूएसबी पाठवले होते आणि सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी त्यावर टीका केली, ती रास्त होती. असं काही आलं तर त्यावरचा फोन नंबर न वापरता कंपनीच्या संकेतस्थळावरून खात्री करा.

पाचवी पायरी: ओबीडी पोर्ट रिकामं ठेवा

हे पोर्ट मुळात प्रदूषण आणि बिघाड तपासण्यासाठी आहे. अमेरिकेत १९९६ पासून ते नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. त्याचा रस्ता आतल्या जाळ्याकडे जातो. मेकॅनिक तिथेच स्कॅनर लावतो आणि चोर तिथेच नवी किल्ली शिकवणारं यंत्र लावतो.

मायलेज मोजणारी, चालवण्याच्या सवयी विमा कंपनीला कळवणारी छोटी उपकरणं या पोर्टात कायमची खोचली जातात. अशाच एका उपकरणाला एसएमएस पाठवून सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॉर्व्हेट गाडीचे वायपर चालवले आणि हळू चालत असताना तिचे ब्रेक लावले, निकामीही केले. गाडी बनवणाऱ्याची इथे काही चूक नव्हती. मालकाने पाहुणा म्हणून आणलेल्या उपकरणाने दार उघडून दिलं होतं.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बाळगायला हरकत नाही. मीही बिघाडाचा कोड वाचायला वापरतो. काम झालं की काढायचा, इतकाच नियम. चोऱ्या जास्त असतील तिथे पोर्टावर लावायचं धातूचं कुलूपही मिळतं.

हीच गोष्ट बाहेरच्या ॲपना लागू आहे. गाडीचे आकडे सुंदर आलेखांत दाखवणारं कुठलं तरी ॲप तुमच्या खात्याची परवानगी मागतं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका १९ वर्षांच्या तरुणाला १३ देशांतल्या २५ हून अधिक टेस्ला गाड्यांची दारं उघडता येत होती, कारण त्यांच्या मालकांनी अशाच एका बाहेरच्या सॉफ्टवेअरची मांडणी उघडी ठेवली होती. त्याने गैरवापर न करता ते कळवलं. खात्याला जोडलेली, तुम्ही वापरत नसलेली ॲप आजच तोडा.

फोन, वायफाय, चार्जिंग

यात फार गुंतायची गरज नाही. वायफाय हॉटस्पॉट वापरत नसाल तर बंद ठेवा, वापरत असाल तर मूळ पासवर्ड बदला. ब्लूटूथच्या यादीत फक्त घरचे फोन ठेवा. भाड्याच्या गाडीला फोन जोडलात तर फोनबुक द्यायला नकार द्या आणि परत करताना आपलं नाव यादीतून काढा. चार्जिंगच्या खांबावर क्यूआर कोड असेल तर तो मूळ छापलेला आहे की वरून चिकटवलेला, हे नखाने पाहा. खोटा कोड चिकटवून पैसे उकळण्याचे प्रकार घडले आहेत. शक्यतो चार्जिंग कंपनीच्या ॲपमधूनच पैसे द्या.

गाडी घेताना विचारायचे प्रश्न

'युनो'चा नियम १५५ गाडी बनवणाऱ्यांना सायबर धोक्यांची व्यवस्था लावायला सांगतो आणि नियम १५६ सॉफ्टवेअर अपडेटची. दोन्ही जानेवारी २०२१ पासून अमलात आहेत. युरोपीय संघात नियम १५५ जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. तो कागदी नाही: पेट्रोलवर चालणाऱ्या पोर्शे मॅकानची तिथली विक्री याच नियमापायी थांबली. तुमच्या देशात तो सक्तीचा नसला तरी 'हे मॉडेल नियम १५५ प्रमाणे मंजूर आहे का' असं विचारता येतं.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार. गाडी पंधरा वर्षं चालते. तिच्यातलं सिम आणि स्क्रीन त्याआधीच म्हातारी होतात. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी जाळी बंद झाली तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांचं कनेक्शन एका रात्रीत मेलं. उत्तर लेखी मागा. विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याने कंपनीला विचारून सांगावं.

इमोबिलायझर आहे ना, हेही विचारा. खऱ्या किल्लीतल्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा हा जुना, साधा भाग. अमेरिकेत विकलेल्या किआ आणि ह्युंदाईच्या लाखो स्वस्त मॉडेलांत तो नव्हता. चोरीची रीत व्हिडिओंतून पसरली आणि २०२२ पर्यंत पोरासोरांनी यूएसबी केबलचं टोक वापरून गाड्या पळवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढावी लागली.

काही विचित्र घडलं तर

चालत्या गाडीत एकदम सगळे दिवे लागले, स्क्रीन बंद पडली, तर पहिला संशय हल्ल्याचा घेऊ नका. म्हातारी झालेली १२ व्होल्टची बॅटरी किंवा सैल पडलेली वायर हे कारण कितीतरी जास्त वेळा निघतं. काय झालंय याचा शोध नंतर. वेग कमी करा, धोक्याचे दिवे लावा, कडेला घ्या. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरलं की अनेक गाड्या आणीबाणीत थांबतात. तुमची थांबते का, आणि धावताना इंजिन बंद करायची रीत काय, हे मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा, कारण त्या क्षणी मॅन्युअल उघडता येणार नाही.

ॲपमध्ये तुम्ही न दिलेला आदेश दिसला, अनोळखी फोन यादीत आला, रात्री गाडी आपोआप उघडल्याची सूचना आली, तर स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि कंपनीला लेखी कळवा. फॅक्टरी रीसेट लगेच मारू नका; नोंदी पुसल्या गेल्या तर काय घडलं ते नंतर कोणालाच शोधता येणार नाही.

गाडी विकताना

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रीनमधले घरचे पत्ते, फोनबुक आणि गॅरेजच्या दाराचे कोड पुसा. मग स्क्रीनचा फॅक्टरी रीसेट करा. त्यानंतर ॲपमधून गाडी काढा. नुसतं ॲप फोनमधून उडवल्याने खातं गाडीपासून तुटत नाही. सगळ्या किल्ल्या द्या.

घेणारे तुम्ही असाल तर हे सगळं तुमच्यासमोर करून घ्या आणि मगच उरलेली रक्कम द्या. नंतर गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन तिला किती किल्ल्या 'ओळखीच्या' आहेत ते मोजून घ्या. हातात दोन आणि गाडीच्या लेखी तीन असतील, तर सगळ्या पुसून हातातल्या दोनच नव्याने शिकवायला सांगा. मी ते केलं तेव्हा तीनच निघाल्या. तिसरी कोणाकडे होती, हे आधीच्या मालकांनाही सांगता आलं नाही.